संघराज्यातील राज्य, स्थानिक व न्यायिक संस्था : नागपूर

संघराज्यातील राज्य, स्थानिक व न्यायिक संस्था : संघराज्य-संविधानाने केंद्र व घटक राज्ये यांच्यात शासनसत्तेची विभागणी केल्यावर, ती सत्ता प्रत्यक्ष प्रदेशात वापरण्यासाठी ज्या संस्था निर्माण केल्या जातात, त्यांची रचना व परस्परसंबंध. अशा संस्थांचे तीन वर्ग पडतात : घटक राज्याचे विधिमंडळ व शासन, राज्याच्या पोटातील नगर व ग्राम संस्था आणि न्यायालये. ह्या तिन्ही संस्था एकाच नगरात शेजारी शेजारी नांदत असल्या, तरी त्यांना अधिकार देणारा मूलाधार एक नसतो. कोणी संविधानातून, कोणी संसदेच्या अधिनियमातून, कोणी राज्याच्या कायद्यातून, तर कोणी केवळ करारातून किंवा संकेतातून उत्पन्न होते. संस्थेचे स्थैर्य तिच्या वयावर किंवा इमारतीच्या भव्यतेवर अवलंबून नसून ह्या मूलाधारावर अवलंबून असते. भारतात ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण नागपूरचे होय. हे शहर प्रांताची व नंतर राज्याची राजधानी होते, तेथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते आणि तेथील नगरपालिका १८६४ पासूनची आहे. १९५६ मध्ये राजधानी व उच्च न्यायालय ही दोन्ही स्थाने शहराच्या हातून गेली. नगरसंस्था मात्र टिकली. पुढे २०२२ पासून तीच नगरसंस्था जवळजवळ चार वर्षे लोकप्रतिनिधींवाचून राहिली.

तुलनात्मक स्वरूप : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघाची व घटक राज्यांची न्यायालये पृथक् आहेत. संघीय कायद्यांचे वाद संघीय न्यायालयांत व राज्याच्या कायद्यांचे वाद सामान्यतः राज्य-न्यायालयांत चालतात. नगरसंस्थांचा मात्र तेथील संविधानात उल्लेखच नाही. त्या राज्याने निर्माण केलेल्या असून राज्य त्यांचे अधिकार वाढवू, घटवू किंवा काढून घेऊ शकते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये हंटर विरुद्ध पिट्सबर्ग ह्या खटल्यात स्पष्ट केले. कॅनडात १८६७ च्या अधिनियमाने नगरसंस्था प्रांतांच्या अधिकारकक्षेत ठेवल्या. प्रांतांच्या वरिष्ठ न्यायालयांतील न्यायाधीशांची नेमणूक मात्र केंद्राकडे दिली. जर्मनीच्या मूलभूत कायद्याने (१९४९) स्थानिक संस्थांना स्वशासनाची हमी दिली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने स्थानिक शासन हे राष्ट्रीय व प्रांतिक शासनांबरोबरचे तिसरे क्षेत्र मानले. भारतीय रचना ह्या सर्वांहून थोडी वेगळी आहे : तीत न्यायव्यवस्था एकसंध आहे, घटक राज्ये संविधानातून अधिकार घेतात, परंतु त्यांच्या सीमा संसदेच्या हाती आहेत, आणि स्थानिक संस्थांचे अस्तित्व संविधानात, तर अधिकार राज्याच्या कायद्यात आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या रघूजी भोसल्याने नागपूर ही आपली राजधानी केली. भोसल्यांचे वाडे ज्या भागात उभे राहिले, तो महाल या नावाने ओळखला जातो. त्या काळी राज्यकारभार, न्यायदान व नगराची व्यवस्था ह्या तिन्ही गोष्टींचे केंद्र राजवाडा हेच होते. त्यांत आजच्या अर्थाने भेद नव्हता. १८५३ मध्ये तिसरा रघूजी निपुत्रिक मरण पावल्यावर राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. नव्या राजवटीची कार्यालये जुन्या शहराबाहेर, सीताबर्डीच्या पलीकडे सिव्हिल लाइन्समध्ये वसली. १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. पुढे महालात तिचे नगरभवन म्हणजे टाउन हॉल उभे राहिले व नगरसभेच्या बैठकींचे ते स्थान बनले. अशा रीतीने पूर्वी एकाच वाड्यात एकवटलेली सत्ता तीन ठिकाणी वाटली गेली : विधिमंडळ व सचिवालय एका बाजूस, न्यायालय दुसऱ्या बाजूस व नगरसंस्था तिसऱ्या बाजूस. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभारही नागपूरहून पाहिला जाऊ लागला, आणि १९१४ मध्ये प्रांतिक विधान परिषद अस्तित्वात आली.

राज्यसंस्था : २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आले, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे मध्य प्रदेश राज्य झाले व नागपूर त्याची राजधानी राहिली. संविधानानुसार राज्याला विधिमंडळ, राज्यपाल व विधानसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ असते. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या विषयांवर राज्याला कायदे करता येतात. हे अधिकार केंद्राने दिलेले नसून संविधानाने दिलेले आहेत. तथापि राज्याचे अस्तित्व व सीमा यांना तशी हमी नाही. अनुच्छेद ३ अन्वये संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते किंवा असलेल्या राज्याच्या सीमा बदलू शकते. राष्ट्रपतींनी संबंधित विधिमंडळाचे मत मागवणे आवश्यक असले, तरी ते मत संसदेवर बंधनकारक नसते. अनुच्छेद ४ नुसार असा कायदा संविधानदुरुस्तीही मानला जात नाही.

ह्या तरतुदीचा परिणाम नागपूरने अनुभवला. फाझल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने (इतर सदस्य हृदयनाथ कुंझरू व का. मा. पणिक्कर) ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात विदर्भातील आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य करावे, अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. विधेयकाच्या मूळ रूपात मुंबई राज्याच्या प्रदेशाचे तीन घटक कल्पिले होते. संसदेने त्यांऐवजी एकच मोठे राज्य केले. तेव्हा मुंबईच्या विधिमंडळाचे मत पुन्हा मागवावयास हवे होते, असा आक्षेप न्यायालयात घेण्यात आला. बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य (१९५९) ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रस्तावात बदल झाला म्हणून प्रत्येक वेळी नव्याने मत मागवण्याची आवश्यकता नाही, असा तो निर्णय होता. संघराज्यात प्रदेशाच्या भवितव्याचा अंतिम निर्णय संसद करते, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

राजधानी गेल्याची भरपाई अन्य मार्गांनी करण्याचा प्रयत्न झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी मराठी भाषिक प्रदेशांतील नेत्यांनी केलेल्या नागपूर करारात शासनाने वर्षातील काही काळ नागपुरास मुक्काम करावा, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे घ्यावे, उच्च न्यायालयाचे पीठ तेथे असावे व विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, ह्या गोष्टी मान्य झाल्या होत्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यावर विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरवण्याची प्रथा पडली. परंतु अनुच्छेद १७४ मध्ये दोन अधिवेशनांतील अंतर सहा महिन्यांपेक्षा कमी असावे एवढेच बंधन आहे. स्थळ राज्यपाल ठरवतात. त्यामुळे नागपूरचे अधिवेशन करार व प्रथा यांवर टिकून आहे. २०२० व २०२१ ह्या साथीच्या वर्षांत हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, तेव्हा त्यात कोणत्याही कायद्याचा भंग झाला नाही.

करारातील समतोल विकासाच्या कलमाला मात्र संविधानाचा आधार मिळाला. अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापण्याची व निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. त्यानुसार १९९४ मध्ये तीन मंडळे स्थापन झाली. ही तरतूद ‘करता येईल’ अशा अनुमतीच्या स्वरूपाची आहे. शिवाय मंडळांची मुदत राष्ट्रपतींच्या आदेशाने वाढवावी लागे. ३० एप्रिल २०२० रोजी ती मुदत संपली व मंडळांचे काम थांबले.

न्यायसंस्था : भारतात संघ व राज्ये यांची पृथक् न्यायालये नाहीत. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच श्रेणी असून प्रत्येक न्यायालय संसदेच्या व राज्याच्या अशा दोन्ही प्रकारच्या कायद्यांचा अंमल करते. उच्च न्यायालय हे राज्यासाठी असले (अनुच्छेद २१४), तरी ते राज्य शासनाच्या अधीन नसते. त्याच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती करतात व त्याच्या घटनेसंबंधीचा विषय संघसूचीत आहे. जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाची देखरेख असते (अनुच्छेद २२७ व २३५); जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुका राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. कनिष्ठ न्यायालयांची घटना हा विषय मुळात राज्यसूचीत होता. बेचाळिसाव्या संविधानदुरुस्तीने (१९७६) तो समवर्ती सूचीत नेला. न्यायालयांच्या इमारती, कर्मचारी व वेतन यांचा खर्च मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून होतो. म्हणजे रचना एकसंध असली, तरी तिचा भार विभागलेला आहे.

नागपूरला पूर्वी न्याय-आयुक्ताचे न्यायालय होते. २ जानेवारी १९३६ च्या राजकीय सनदेने त्याच्या जागी उच्च न्यायालय स्थापन झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. मुख्य न्यायमूर्ती मुहम्मद हिदायतुल्ला यांच्या काळात, १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचना अधिनियमानुसार हे न्यायालय नव्या मध्य प्रदेश राज्याचे उच्च न्यायालय मानले जाऊन त्याचे स्थान जबलपूरला गेले. न्यायालय खंडित झाले नाही. ते ज्या शहरात होते, ते शहर मात्र त्याला मुकले. विदर्भाचे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आले.

त्यानंतरची व्यवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१ मध्ये उच्च न्यायालयाच्या बैठकीचे तीन प्रकार आहेत. मुख्य स्थान राष्ट्रपती ठरवतात. कायम पीठेही राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन होतात. आणि मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अन्य ठिकाणी बैठकी नेमू शकतात. ह्या तिसऱ्या मार्गाने १९८१ मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) बैठकी सुरू झाल्या व १९८४ मध्ये तेथे कायम पीठ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या बैठकींनाही ह्याच पोटकलमाचा आधार आहे. नागपूरचे पीठ मात्र थेट संसदेच्या अधिनियमाने निश्चित केले आहे. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ नुसार, मुख्य न्यायमूर्तींनी नेमलेल्या किमान तीन न्यायाधीशांनी नागपुरास बसून बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा व राजुरा येथील प्रकरणे चालवावीत, असे बंधन आहे. एखादे प्रकरण मुंबईस घ्यावे, असा आदेश देण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींना आहे. पण पीठच बंद करावयाचे झाल्यास संसदेलाच कायदा बदलावा लागेल. नागपूर करारातील ज्या अपेक्षेला कायद्याचे रूप मिळाले, ती अशा रीतीने पूर्णतः सुरक्षित झाली. अधिवेशनाच्या बाबतीत तसे झाले नाही. पीठ हे वेगळे न्यायालय नव्हे. ते मुंबई उच्च न्यायालयच असून त्याच्या निर्णयांना तेवढेच बळ असते.

स्थानिक संस्था : ‘स्थानिक शासन’ हा राज्यसूचीतील पाचवा विषय होय. मूळ संविधानात ग्रामपंचायतींचा उल्लेख केवळ अनुच्छेद ४० मधील मार्गदर्शक तत्त्वात होता. नगरसंस्थांचा तेवढाही नव्हता. म्हणून ह्या संस्थांची घडण प्रत्येक राज्याच्या कायद्याप्रमाणे वेगळी होत गेली. मध्य प्रांतात १९४८ च्या कायद्याने तालुका पातळीवर जनपद सभांचा प्रयोग झाला होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. राज्य बदलल्याने नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण संस्थांचा मूळ साचाच बदलला.

शहराच्या बाबतीत उलट घडले. सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन अधिनियम, १९४८ अन्वये मार्च १९५१ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली, बॅ. शेषराव वानखेडे हे पहिले महापौर झाले. १९५६ व १९६० च्या पुनर्रचनांनंतरही हा मध्य प्रांताचा कायदा नागपुरास लागू राहिला. कारण सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत पूर्वीचे कायदे चालू राहतात, असा पुनर्रचनेचा नियम आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्राने तो निरसित करून मुंबई व नागपूर यांसाठीचे वेगळे कायदे सोडता इतरत्र लागू असलेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम नागपुरासही लागू केला. ज्या राज्याने हा कायदा केला, ते राज्य मागे पडल्यावर अर्धशतकाहून अधिक काळ तो टिकला. परंतु नव्या राज्याला तो एका अधिनियमाने काढता आला.

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्यांनी (अंमल अनुक्रमे २४ एप्रिल व १ जून १९९३ पासून) स्थानिक संस्थांना संविधानात स्थान दिले. त्यांनुसार निवडणुकीने बनलेली सभा, पाच वर्षांची मुदत, अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांसाठी राखीव जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग व राज्य वित्त आयोग ह्या गोष्टी बंधनकारक झाल्या. अधिकारांच्या बाबतीत मात्र भाषा निराळी आहे. पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ व नगरसंस्थांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ विषय निर्दिष्ट केले आहेत. परंतु ते सोपवणे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर आहे. त्यामुळे नगरनियोजनासारखा बाराव्या अनुसूचीतील पहिलाच विषय नागपुरात महापालिका व नागपूर सुधार प्रन्यास यांच्यात विभागलेला राहिला. प्रन्यास १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला असून त्याचे अध्यक्ष राज्य शासन नेमते. भूखंडाची मंजुरी एकाकडे आणि रस्ते, पाणी व मलनिस्सारण यांची अंतिम जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी स्थिती शहराच्या अनेक भागांत दीर्घकाळ होती. महापालिकेतही कार्यकारी सत्ता महापौरांकडे नसून राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असते.

वित्त : नगरसंस्थेचे स्वातंत्र्य तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर अवलंबून असते. शहरात येणाऱ्या मालावरील जकात हे महाराष्ट्रातील महापालिकांचे प्रमुख साधन होते. नागपुरात २०१३ मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. एकशे एकाव्या संविधानदुरुस्तीने (२०१६) स्थानिक क्षेत्रातील मालप्रवेशावरील कराची राज्यसूचीतील नोंदच वगळली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. महापालिकांना त्याबद्दल राज्याच्या कायद्यानुसार भरपाई मिळते. मालमत्ता कर, पाणीपट्टी इत्यादी साधने त्यांच्याकडे राहिली. तथापि ज्या उत्पन्नाची वसुली पूर्वी नाक्यावर रोज होत असे, ते आता राज्याकडून हप्त्याने येते. कराचे अनुदानात रूपांतर झाले, की अंदाजपत्रक नगरसभेत मंजूर होत असले, तरी त्याचा आधार अन्यत्र असतो.

निवडणुका व मुदत : अनुच्छेद २४३-यू नुसार नगरसंस्थेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही व ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावयास हवी. ही तरतूद अनुमतीची नसून आज्ञेची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सांगितले. नागपूर महापालिकेच्या १५१ जागांची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली व मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. दरम्यान ४ मार्च २०२१ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन अटी महाराष्ट्रास लागू केल्या : मागासलेपणाची आयोगाकडून चौकशी, तीनुसार संस्थानिहाय प्रमाण व एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा. नागपूरसह काही जिल्हा परिषदांतील ह्या मर्यादेबाहेरच्या जागांवर ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाकडे घेतला. आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि निवडणुका लांबल्या. आयुक्त हेच प्रशासक झाले. म्हणजे सभेने ज्यांना जाब विचारावयाचा, त्यांच्याकडेच सभेचेही अधिकार आले.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २०२२ पूर्वीच्या स्थितीप्रमाणे आरक्षण ठेवून चार महिन्यांत निवडणुका पूर्ण कराव्यात, असा अंतरिम आदेश दिला. पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवण्यात आली, व १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूरसह राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. ह्या काळात, २०२४ मध्ये, लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका मात्र मुदतीत पार पडल्या. हा भेद आकस्मिक नाही. विधानसभेच्या मतदारसंघांची आखणी संसदेच्या कायद्याने नेमलेला आयोग करतो व निवडणूक भारतीय निवडणूक आयोग घेतो. प्रभागांची आखणी व जागांची संख्या ही मात्र ज्या राज्य शासनाशी नगरसंस्थेचा रोजचा संबंध, त्याच्याच हाती असते.

मूल्यमापन : नागपूरच्या उदाहरणावरून संस्थांच्या स्थैर्याची चढती श्रेणी दिसते. करार व प्रथा यांवरील अधिवेशन अडचणीच्या वर्षी सहज स्थगित होते. अनुमतीच्या तरतुदीवरील विकास मंडळ मुदत न वाढवल्याने विराम पावते. राज्याच्या कायद्यावरील महापालिकेला संविधानाची आज्ञाही पुरेशी पडत नाही. ती आज्ञा पाळून घेण्यासाठी न्यायालयाकडे जावे लागते व तेथे काळ जातो. संसदेच्या अधिनियमात लिहिलेले न्यायपीठ १९६० पासून अबाधित आहे. आणि खुद्द राज्य, जे ह्या सर्वांचे पोशिंदे वाटते, तेही आपल्या सीमांपुरते संसदेच्या इच्छेवर उभे आहे.

चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरसंस्थेला अस्तित्वाची हमी दिली. परंतु काम, पैसा व प्रभागरचना राज्याकडे ठेवली. ह्या तीन गोष्टींपैकी प्रभागरचना राज्य निवडणूक आयोगाकडे कायमची सोपवणे, राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींना वेळेचे बंधन घालणे व समांतर प्राधिकरणांची कामे निर्वाचित सभेकडे देणे, हे उपाय अभ्यासकांनी वारंवार सुचवले आहेत. त्यांपैकी बहुतेकांसाठी संविधानदुरुस्तीची गरज नाही. राज्य विधिमंडळाचा कायदा पुरेसा आहे. परंतु त्याच विधिमंडळाला त्यासाठी स्वतःचा अधिकार सोडावा लागतो. राज्ये केंद्राकडे ज्या स्वायत्ततेची मागणी करतात, तीच नगरांना व गावांना देण्यात ती मागे राहतात, हा भारतीय संघराज्याच्या रचनेतील अद्याप न सुटलेला प्रश्न होय.